मंडळी उठली, चाल उरली

जुन्या संगीत नाटकांची पुस्तकं चाळताना पदाच्या डोक्यावर बारीक टाइपात एक ओळ दिसते: ‘चाल – अमक्या पदाची’. किर्लोस्करांनी लावणीची, साकीची, कानडी पदाची चाल उचलली म्हणून कुणी त्यांच्यावर चोरीचा आळ घेतला नाही. चाल आधीच ओठांवर असली की नवं पद पहिल्याच प्रयोगाला प्रेक्षकांसोबत घरी जायचं. सप्टेंबर १८१४ मध्ये अमेरिकेतल्या बॉल्टिमोर शहरात एका कवितेचं एकपानी पत्रक छापलं गेलं. त्यावरही अशीच ओळ होती: चाल – ‘अ‍ॅनाक्रिऑन इन हेवन’. चाल कोणाची, कुठून आली, हे सांगायची गरज छापणाऱ्याला वाटली नाही, कारण वाचणाऱ्या सगळ्यांना ती पाठ होती. ती कविता आज अमेरिकेचं राष्ट्रगीत आहे. चाल मात्र लंडनच्या एका गायन समाजाची. तो समाज तेव्हा बंद पडून वीसेक वर्षं झाली होती.

त्या समाजाची ही वाटचाल.

नाव होतं अ‍ॅनाक्रिऑन्टिक सोसायटी. अ‍ॅनाक्रिऑन हा इसवी सनापूर्वी सहाव्या शतकातला ग्रीक कवी. मद्य आणि शृंगार हे त्याचे विषय. द्राक्षाची बी घशात अडकून तो गेला अशी आख्यायिका आहे. ती खरी नसली तरी त्या माणसाला शोभणारी आहे. १७६६ च्या सुमारास लंडनमधल्या काही हौशी गृहस्थांनी या कवीला आपलं दैवत मानून मंडळ काढलं. व्यापारी, पेढीवाले, वकील अशी ही पोटापाण्याची चिंता नसलेली मंडळी. त्यांच्यातल्या पुष्कळांना एखादं वाद्य बऱ्यापैकी वाजवता येई, आणि चांगल्या वादकाशेजारी बसून वाजवायला मिळावं ही त्यांची खरी हौस. म्हणून व्यावसायिक गायक-वादकांना मानद सभासद करून घेतलेलं होतं.

बैठका आधी लडगेट हिलवरच्या लंडन कॉफी हाउसमध्ये भरत. जागा अपुरी पडू लागली तसं बिऱ्हाड स्ट्रँडवरच्या ‘क्राउन अँड अँकर’ या खानावळीत हललं. तिला खानावळ म्हणायचं, पण तिचं सभागृह मोठमोठ्या मैफली आणि राजकीय सभा भरण्याइतकं प्रशस्त होतं. सभासदांची संख्या वाढत गेली, तेव्हा ऐंशीवर मर्यादा घालावी लागली. बैठक हिवाळ्याच्या हंगामात, पंधरवड्यातून एकदा, बुधवारी.

कार्यक्रमाची आखणी पाहण्यासारखी आहे. संध्याकाळी साडेसातच्या सुमारास वाद्यवृंद सुरू व्हायचा. हे शिस्तीतलं, गंभीर संगीत. लंडनमधल्या उत्तम मैफलींच्या तोडीचं. दहाच्या सुमारास सगळे जेवायला उठत. पानं आटोपली की अध्यक्ष खुर्चीवर येत आणि मग समाजाचं स्वतःचं गीत होई. ते एकदा झालं की पुढे अनेक आवाजांत गुंफलेली छोटी गाणी, थट्टेची गाणी, नकला. आर. जे. एस. स्टीव्हन्स नावाचा संगीतकार तरुणपणी इथे येत असे. अध्यक्षांनी खुर्ची सोडल्यावर जे चाले ते समाजाला लाज आणणारं होतं, असं त्याने आपल्या आठवणींत नोंदवलं आहे. तेव्हा एकाच रात्रीत या मंडळींचे दोन अवतार होते. साडेसातचे वेगळे, मध्यरात्रीनंतरचे वेगळे. आणि या दोहोंच्या उंबरठ्यावर ते गीत उभं होतं.

गीताचे शब्द राल्फ टॉमलिन्सन या वकिलाचे. तो समाजाचा अध्यक्षही होता. शब्दांत एक गमतीदार कथा आहे. भक्तमंडळी स्वर्गातल्या अ‍ॅनाक्रिऑनकडे अर्ज करतात, की आमचा आश्रयदाता हो. तो खुशीने होकार देतो. बातमी कळताच देवाधिदेव संतापतो. हे असंच चाललं तर आपल्या देवी स्वर्ग सोडून पृथ्वीवर पळतील ही त्याची धास्ती. मग देवांचा वादविवाद, आणि शेवटी समझोता. टॉमलिन्सन १७७८ साली, पस्तिशीही गाठायच्या आत वारला. त्याच वर्षी त्याचे शब्द छापून बाहेर आले. स्वरांसह गीत छापलं गेलं ते त्यानंतर थोड्याच काळात.

चाल कोणाची, हा प्रश्न पुढे पावणेदोनशे वर्षं लोंबकळत राहिला. जॉन स्टॅफर्ड स्मिथ हा ग्लॉस्टरच्या कॅथेड्रलमधल्या ऑर्गनवादकाचा मुलगा. स्वतः मोठा व्यासंगी माणूस. जुनी संगीत-हस्तलिखितं जमवायचा, आणि राजघराण्याच्या चॅपलमध्ये पुढे ऑर्गनवादकाच्या पदापर्यंत पोहोचला. १७९९ च्या आपल्या गीतसंग्रहात त्याने हे गाणं घातलं, पण मथळ्यात ‘स्वरसंगती कर्त्याची’ अशा अर्थाचे मोघम शब्द वापरले. मग चाल याची की नुसती सजावट याची, यावर पंडितांनी मनसोक्त भांडून घेतलं. १९७० च्या दशकात अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमधले विल्यम लिक्टेनवँगर यांनी वर उल्लेख केलेल्या स्टीव्हन्सच्या आठवणींतली नोंद पुढे आणली. तिथे चाल स्मिथचीच असल्याचं स्पष्ट लिहिलेलं होतं. मध्यरात्रीच्या धिंगाण्याची तक्रार करणाऱ्या माणसामुळेच चालीचा कर्ता सापडला.

आता चालीकडे जरा कान द्यायला हवा, कारण सगळी ग्यानबाची मेख तिथे आहे. आज ती म्हणतात त्या रूपात पंचमावरून निघते, गंधारावरून खाली षड्जाला टेकते आणि लगोलग तार षड्ज गाठते. पुढे तार पंचमापर्यंत चढते. म्हणजे दीड सप्तकाचा पल्ला. चार मित्र पेले हातात घेऊन रेकतात त्या गाण्याची ही चालच नव्हे. तालमीच्या गळ्याने एकट्याने गावं, आणि शेवटच्या दोन ओळी सगळ्या मंडळींनी मिळून उचलाव्यात, अशीच तिची घडण आहे. समाजाकडे तसे गळे होते. रंगभूमीवरचे नावाजलेले गायक तिथे हे गीत म्हणत. ‘अमेरिकेचं राष्ट्रगीत म्हणजे दारुड्यांचं गाणं’ हे वाक्य वारंवार ऐकू येतं. ते चुरचुरीत आहे, पण माझ्या मते अर्धसत्य आहे. शब्दांत वारुणी आहे, बैठकीतही होती. गाणं मात्र बैठकीचं मानचिन्ह होतं. ते पेलायला शुद्धीत असलेला गवई लागे.

जानेवारी १७९१ मध्ये समाजाचा भाग्याचा दिवस उगवला. जोसेफ हायडन नुकताच लंडनला उतरला होता. तो पाहुणा म्हणून आला आणि त्याचीच रचना वाजवून त्याचं स्वागत झालं. सहा वर्षांनी, १७९७ मध्ये, याच हायडनने इंग्रजांच्या राजगीतावरून स्फूर्ती घेऊन ऑस्ट्रियाच्या सम्राटासाठी एक चाल बांधली. ती आज जर्मनीच्या राष्ट्रगीताची चाल आहे. एका राष्ट्राच्या भावी गीताचे यजमान आणि दुसऱ्या राष्ट्राच्या भावी गीताचा कर्ता असे एकाच छपराखाली जमले होते, आणि तिथे कुणाला राष्ट्रगीताशी काही देणंघेणं नव्हतं.

शेवट मात्र हास्यास्पद झाला. तो विल्यम पार्क या ओबोवादकाने आपल्या आठवणींत सांगितला आहे. समाजाची कीर्ती डेव्हनशरच्या डचेसच्या कानी गेली आणि तिला कार्यक्रम पाहण्याची इच्छा झाली. बायकांना तिथे प्रवेश नव्हता. तेव्हा तिच्यासाठी आडोशाची जागा तयार केली गेली. डचेस येऊन बसली खरी, पण ती ऐकते आहे या धास्तीने थट्टेच्या गाण्यांना कात्री लागली. ते जुन्या सभासदांना रुचलं नाही. एकामागून एक राजीनामे आले, सर्वसाधारण सभा बोलावली गेली आणि समाज विसर्जित झाला. १७९० च्या दशकाच्या पूर्वार्धातली ही गोष्ट. कर्जाने, भांडणाने, अध्यक्षपदाच्या चुरशीने बुडालेल्या संस्था आपण पुष्कळ पाहिल्या आहेत. सभ्यपणाने बुडालेली ही एकच माझ्या पाहण्यात आहे.

चालीने तोवर अटलांटिक ओलांडला होता. न्यूयॉर्कमध्ये १७९५ साली त्याच धर्तीची मंडळी जमली. १७९८ मध्ये बोस्टनच्या रॉबर्ट ट्रीट पेनने राष्ट्राध्यक्ष अ‍ॅडम्स यांच्या गौरवार्थ याच चालीवर गीत लिहिलं. त्यात वॉशिंग्टनचं नाव आलं नव्हतं. त्या नावाचं कडवं लिहून दिल्याशिवाय पेला मिळणार नाही, असं त्याच्या यजमानाने बजावलं आणि पेनने ते तिथल्या तिथे लिहून दिलं, असं सांगतात. मग जेफर्सनवाल्यांनीही तीच चाल घेतली. निवडणुकीच्या दिवसांत आपल्याकडे गाजलेल्या सिनेमागीतांचं जे होतं, तेच.

फ्रान्सिस स्कॉट की हा वकील या चालीशी चांगलाच परिचित होता. १८०५ मध्ये नौदलातल्या वीरांच्या सत्कारासाठी त्याने तिच्यावर एक गीत रचलं होतं. १३ आणि १४ सप्टेंबर १८१४ ला ब्रिटिश आरमाराने बॉल्टिमोरच्या फोर्ट मॅकहेन्रीवर सुमारे २५ तास तोफा डागल्या. की तेव्हा एका कैद्याच्या सुटकेच्या बोलणीसाठी गेला होता आणि जहाजावर अडकून पडला होता. सकाळी किल्ल्यावर अमेरिकेचाच झेंडा दिसला आणि त्याला कविता सुचली. पुढे टॉमस कारच्या दुकानातून ती स्वरांसह छापली गेली, तेव्हा मथळ्यातल्या ‘पॅट्रिऑटिक’ या शब्दातलं एक अक्षर गळालं. देशभक्तिगीताच्या पहिल्या स्वरांकित आवृत्तीत ‘देशभक्ती’च चुकीची छापली गेली. मुद्रितशोधकांनी हे वाक्य चौकटीत लावायला हरकत नाही. आणि ज्या इंग्रजांना पिटाळल्याचा आनंद त्या शब्दांत आहे, त्यांच्याच राजधानीतली चाल वापरण्यात कुणालाही काही विचित्र वाटलं नाही.

तरी अधिकृत शिक्का बसायला शंभराहून जास्त वर्षं गेली. नौदलाने १८८९ मध्ये ते ध्वजारोहणासाठी स्वीकारलं, १९१६ मध्ये राष्ट्राध्यक्ष विल्सन यांनी लष्करी समारंभांसाठी आदेश काढला. कायदा व्हायची वेळ आली तेव्हा जुने आक्षेप वर आले: चाल परकी आहे, मद्यपींची आहे, आणि मुख्य म्हणजे सामान्य माणसाच्या गळ्याबाहेरची आहे. १९३० मध्ये संसदेच्या समितीपुढे गायिकांकडून ते गाऊन घेतलं गेलं, चाल फार उंच नाही हे पटवायला. गायिकांना ते जमलं यात नवल नाही. प्रश्न गायिका नसलेल्यांचा होता. शेवटी ३ मार्च १९३१ ला राष्ट्राध्यक्ष हूव्हर यांनी कायद्यावर सही केली. देशात तेव्हा संपूर्ण दारूबंदी होती. ती उठायला आणखी पावणेतीन वर्षं लागली.

टॉमलिन्सन आणि स्मिथ यांच्यापैकी कुणी हे पाहायला नव्हतं. स्मिथ १८३६ साली वारला. ‘क्राउन अँड अँकर’ची इमारत १८५४ मध्ये जळाली. उरला तो कार्यक्रमाचा साचा. न्यू जर्सीला नातवाच्या शाळेत किंवा टीव्हीवर एखाद्या सामन्याआधी हे गीत लागलं, तर लक्ष देऊन ऐका. मधल्या उंच जागेला लोक ओठ नुसते हलवतात, एकटा गायक वर जातो. आणि शेवटच्या दोन ओळींना सगळं मैदान आवाज मिसळतं, जसे स्ट्रँडवरचे ते ऐंशी सभासद जेवण उरकून मिसळत असत.