बेन्सन, अँड्र्यू ॲल्म

(२४ सप्टेंबर १९१७ – १६ जानेवारी २०१५). अमेरिकन वनस्पतिवैज्ञानिक व जीवरसायनशास्त्रज्ञ. प्रकाशसंश्लेषणातील कार्बनाचा मार्ग आणि वनस्पतींतील लिपिडे यांसंबंधीच्या संशोधनाकरिता प्रसिद्ध. त्यांचा जन्म मोडेस्टो (कॅलिफोर्निया) येथे झाला. बर्कली येथील कॅलिफोर्निया विद्यापीठातून बी.एस्. (१९३९) व कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमधून पीएच्.डी. (१९४२) या पदव्या त्यांनी मिळविल्या.

हिरव्या वनस्पती कार्बन डाय-ऑक्साइडापासून शर्करा तयार करतात हे पूर्वीपासून ज्ञात होते. परंतु त्यांमधील टप्पे अज्ञात होते. १९४० मध्ये मार्टिन केमेन व सॅम्युएल रूबेन यांनी कार्बन-१४ या किरणोत्सर्गी समस्थानिकाचा शोध लावला. आधी वापरात असलेल्या कार्बन-११ चा अर्धायुकाल सुमारे २० मिनिटे, तर कार्बन-१४ चा सुमारे ५,७३० वर्षे असल्याने दीर्घ प्रयोग शक्य झाले. १९४६ मध्ये बेन्सन बर्कली येथे मेल्व्हिन कॅल्व्हिन यांच्या गटात आले व तेथील प्रकाशसंश्लेषण प्रयोगशाळेची उभारणी त्यांनी केली.

क्लोरेला व सेनेडेस्मस ही एककोशिक शैवले चपट्या काचपात्रात प्रकाशात ठेवून त्यांना किरणोत्सर्गी कार्बन काही सेकंदच पुरविला जाई. नंतर ती तप्त अल्कोहॉलात सोडून विक्रिया तत्काळ थांबवीत. तयार झालेली संयुगे कागदी वर्णलेखनाने अलग केली जात व क्ष-किरण फिल्मवर उमटलेल्या काळ्या ठिपक्यांवरून त्यांचे स्थान कळे. कार्बन डाय-ऑक्साइडापासून बनणारे पहिले स्थिर संयुग तीन कार्बन अणूंचे फॉस्फोग्लिसरिक अम्ल असल्याचे यावरून दिसून आले. तेव्हा मूळ ग्राहक संयुग दोन कार्बन अणूंचे असावे अशी अपेक्षा होती. प्रत्यक्षात ते पाच कार्बन अणूंचे रिब्युलोज डायफॉस्फेट निघाले. त्याचा एका कार्बन अणूशी संयोग होऊन तीन कार्बनांचे दोन रेणू मिळतात व त्यांतील बहुतेक कार्बन पुन्हा ग्राहकाच्या निर्मितीस लागतो. हे चक्र दाखविणारा निबंध १९५४ मध्ये प्रसिद्ध झाला; त्याच्या लेखकांत जेम्स बॅशॅम, बेन्सन व कॅल्व्हिन हे होते.

त्याच वर्षी बेन्सन यांना बर्कली सोडावे लागले. १९६१ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक एकट्या कॅल्व्हिन यांना मिळाले. १९९२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या कॅल्व्हिन यांच्या आत्मचरित्रातही बेन्सन यांचा उल्लेख नाही. सहकाऱ्यांच्या वाट्याच्या या प्रश्नामुळेच पुष्कळ ग्रंथांत आता ‘कॅल्व्हिन–बेन्सन–बॅशॅम चक्र’ ही संज्ञा वापरतात.

पेनसिल्व्हेनिया स्टेट विद्यापीठात असताना बेन्सन लिपिडांकडे वळले. फॉस्फरस व गंधक यांचे किरणोत्सर्गी समस्थानिक वापरून त्यांनी सहकाऱ्यांसह फॉस्फॅटिडिल ग्लिसरॉल (१९५८) व गंधकयुक्त सल्फोलिपिड (१९५९) यांचा शोध लावला. दोन्ही हरितकणूंतील पटलांचे घटक आहेत. फॉस्फेटाचा तुटवडा असल्यास अनेक वनस्पती व शैवलांत पहिल्याची जागा काही अंशी दुसरे घेते, असे पुढील संशोधनात आढळले.

१९६२ पासून ते ला हॉया येथील स्क्रिप्स सागरविज्ञान संस्थेत होते. तेथे त्यांनी सहकाऱ्यांबरोबर कोपेपॉड या सूक्ष्म कवचधारी प्राण्यांतील मेणांचा अभ्यास केला. शैवलांवर जगणारे हे प्राणी अन्नाच्या टंचाईसाठी मेण साठवितात व त्यांना खाणाऱ्या माशांपर्यंत ती ऊर्जा पोहोचते, हे या अभ्यासाने स्पष्ट झाले. त्यामुळे शैवलाने बांधलेल्या कार्बनाचा माग कोशिकेबाहेर, सागरातील अन्नसाखळीपर्यंत नेता आला.

लॉरेन्स पारितोषिक (१९६२) व अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीचे सदस्यत्व (१९७३) हे सन्मान त्यांना लाभले. ला हॉया येथे ते मृत्यू पावले.