हृदयरुग्णाचे पथ्य, विश्रांती आणि स्नायुक्षय : रुग्णालयीन उपचारपरंपरेचा ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना :

हृदयविकारातून वाचून घरी परतलेल्या रुग्णाबद्दल 'माणूस वाचला, पण अंगावरचे मांस उतरले' असे उद्गार अनेक घरांतून ऐकू येतात. हे उतरलेले मांस आजाराचा अटळ परिणाम आहे, असे सामान्यतः गृहीत धरले जाते. वैद्यकाचा इतिहास पाहता मात्र हे गृहीतक अर्धेच खरे ठरते. स्नायूंचा ऱ्हास काही अंशी रोगामुळे होतो आणि काही अंशी त्या रोगावर सद्‌हेतूने योजलेल्या उपचारामुळे होतो. हृदयाला विसावा मिळावा म्हणून रुग्णाचे अन्न कमी करणे आणि त्याची हालचाल थांबवणे, हे दोन उपाय दीर्घकाळ रुग्णालयीन शुश्रूषेचा आधार होते. या दोन्ही उपायांची किंमत रुग्णाच्या स्नायूंनी मोजली.

या उपचारपरंपरेचा उगम शोधणे, तिला आव्हान कसे मिळाले हे पाहणे आणि आजच्या रुग्णालयांसाठी, विशेषतः भारतीय संदर्भात, तिचा अर्थ लावणे ही प्रस्तुत लेखाची उद्दिष्टे आहेत. त्यासाठी ऐतिहासिक व विश्लेषणात्मक पद्धतीचा अवलंब करण्यात आला असून प्रसिद्ध वैद्यकीय संशोधनाचा दुय्यम साधने म्हणून उपयोग केला आहे.

१) प्राचीन निरीक्षण :

प्राचीन ग्रीसमधील हिपोक्रेटसच्या परंपरेतील लेखनात एका रुग्णावस्थेचे वर्णन आढळते. त्यात पोट व पाय पाण्याने फुगतात आणि त्याच वेळी खांदे, छाती व मांड्यांवरील मांस वितळून जाते. शरीरातील मांसाचेच पाणी होते, अशी त्या वैद्यांची समजूत होती. ही कारणमीमांसा पुढे टिकली नाही, परंतु निरीक्षण अचूक होते. 'कॅकेक्सिया' हा शब्दही ग्रीकच आहे. 'वाईट' आणि 'स्थिती' अशा अर्थाच्या दोन शब्दांपासून तो बनला आहे. १८६० मध्ये पॅरिसचे वैद्य शार्ल मोरियाक यांनी हृदयरुग्णांमधील या खंगण्याची 'हृदयजन्य कॅकेक्सिया' या नावाने चर्चा केली.

या प्राचीन निरीक्षणातच पुढील सर्व गोंधळाचे बीज आहे. सूज आणि स्नायुक्षय एकाच शरीरात एकाच वेळी चालू असतात. मांस घटते आणि पाणी वाढते, त्यामुळे वजनकाटा स्थिर राहू शकतो. सूज उतरली की वजन घटते, आणि घटलेले सर्व वजन पाण्याचेच होते असे मानले जाते. स्नायूंची हानी अशा रीतीने दोन्ही वेळा दृष्टिआड राहते.

२) अल्पाहाराचा उपचार :

१७८५ मध्ये इंग्लंडमधील विल्यम विदरिंग यांनी फॉक्सग्लोव्ह या वनस्पतीवरील आपला ग्रंथ प्रसिद्ध केला आणि सूज असलेल्या रुग्णांसाठी एक प्रभावी औषध उपलब्ध झाले. पुढे डिजिटॅलिस नावाने प्रचलित झालेल्या या औषधाची मात्रा अधिक झाली तर मळमळ, उलटी व अन्नाविषयी नावड निर्माण होते. सूज कमी करणारे औषधच अशा प्रकारे भूकही कमी करू शकत होते.

एकोणिसाव्या शतकात यात आहाराच्या बंधनाची भर पडली. सेंट पीटर्सबर्ग येथील राजवैद्य फिलिप कॅरेल यांनी १८६६ मध्ये आपल्या दुग्धोपचाराची माहिती प्रसिद्ध केली. या पद्धतीच्या पुढे रूढ झालेल्या स्वरूपात हृदयरुग्णाला काही दिवस दररोज चार वेळा मिळून सुमारे ८०० मिलिलिटर दूध दिले जाई. इतर आहार जवळजवळ वर्ज्य असे. दुधात मीठ कमी आणि एकूण द्रवही मर्यादित, त्यामुळे सूज खरोखरच उतरत असे. त्या काळी दुसरे प्रभावी उपाय मोजकेच होते. त्यामुळे या पद्धतीला मिळालेली मान्यता अनाकलनीय म्हणता येत नाही.

तथापि साईसकट दूध धरले तरी एवढ्या दुधातून सुमारे ५०० उष्मांक आणि सुमारे २६ ग्रॅम प्रथिने मिळतात. साय काढलेल्या दुधातून उष्मांक आणखी कमी मिळतात. वृद्ध व आजारी व्यक्तींच्या प्रथिनांच्या गरजेविषयी २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'प्रोट-एज' या तज्ज्ञगटाच्या शिफारशीनुसार शरीराच्या दर किलो वजनामागे दररोज १.२ ते १.५ ग्रॅम प्रथिने आवश्यक मानली जातात. म्हणजे ६० किलो वजनाच्या रुग्णाला ७२ ते ९० ग्रॅम. ही तुलना कॅरेल यांना दोष देण्यासाठी नाही, कारण हे ज्ञान त्यांच्या काळी नव्हते. सूज उतरण्याच्या यशामागे उपासमार किती सहज लपू शकत होती, एवढेच त्यातून दिसते.

३) सहा आठवडे खाटेवर :

विश्रांतीचा इतिहास याहून गुंतागुंतीचा आहे. छातीत उठणाऱ्या कळेचे अभिजात वर्णन करणारे अठराव्या शतकातील इंग्रज वैद्य विल्यम हेबर्डन यांनी, रोज अर्धा तास लाकडे कापण्याचा नेम ठेवून जवळजवळ बरा झालेल्या एका रुग्णाची नोंद केली होती. ही नोंद दीर्घकाळ अपवादच राहिली.

१९१२ मध्ये शिकागोचे जेम्स हेरिक यांनी हृदयाच्या रोहिणीत रक्ताची गुठळी होण्याच्या आजाराचे सविस्तर वर्णन केले आणि पूर्ण विश्रांतीवर भर दिला. १९३९ मध्ये मॅलरी, पॉल डडली व्हाइट आणि साल्सेडो-साल्गार यांनी ७२ मृत रुग्णांच्या हृदयांचा अभ्यास प्रसिद्ध केला. हृदयाच्या स्नायूवरील जखम भरून व्रण तयार होण्यास अनेक आठवडे लागतात, हे त्यातून स्पष्ट झाले. तोवर हालचाल केल्यास कमकुवत झालेली भिंत फुगेल किंवा फाटेल, ही भीती होती. परिणामी सहा आठवड्यांची सक्त विश्रांती हा सर्वमान्य नियम बनला. अनेक ठिकाणी रुग्णाला स्वतःच्या हाताने जेवण्याचीही मुभा नसे.

या तर्कात हृदयाचा विचार होता. मांड्या, पोटऱ्या आणि श्वसनाचे स्नायू यांचा विचार नव्हता.

४) निरोगी शरीरांची साक्ष :

या पद्धतीविरुद्धचा महत्त्वाचा पुरावा हृदयरोग विभागांच्या बाहेरून आला. १९४४-४५ मध्ये मिनेसोटा विद्यापीठात अॅन्सेल कीज यांनी ३६ निरोगी स्वयंसेवकांवर अर्धउपासमारीचा प्रयोग केला. सहा महिन्यांत त्यांचे वजन सुमारे एक चतुर्थांश घटले आणि हृदयाचा आकारही लहान झाला. १९५० मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या बृहद्‌ग्रंथाने दाखवून दिले की, उपासमारीतून हृदयाचा स्नायू वगळला जात नाही.

१९४८ मध्ये डायट्रिक, व्हेडन व शोर यांनी चार निरोगी पुरुषांना प्लास्टरच्या साच्यात सहा ते सात आठवडे जवळजवळ निश्चल ठेवले. आहार पूर्ववत असूनही त्यांच्या शरीरातून नायट्रोजन अधिक बाहेर पडू लागला, म्हणजे प्रथिनांची झीज सुरू झाली. केवळ खाणे पुरेसे नाही, हालचाल नसेल तर अन्नाचे स्नायूत रूपांतर होत नाही, असा त्याचा अर्थ होता.

१९६६ मध्ये डॅलस येथे पाच तरुणांना तीन आठवडे खाटेवर ठेवून त्यांची शारीरिक क्षमता मोजण्यात आली. याच पाच जणांची ३० वर्षांनंतर पुन्हा तपासणी झाली. वयाच्या विशीतील तीन आठवड्यांच्या शय्याविश्रांतीने त्यांच्या कार्यक्षमतेची जेवढी हानी केली होती, तेवढी ३० वर्षांच्या वयोवाढीनेही केली नव्हती. निरोगी तरुणांची ही स्थिती असेल, तर सूज, धाप आणि अरुची घेऊन आलेल्या वृद्ध रुग्णाची किती हानी होत असेल याचा अंदाज करता येतो.

५) खाटेवरून आरामखुर्चीत :

बॉस्टनचे सॅम्युएल लेव्हाइन यांनी १९४४ मध्येच हृदयरुग्णाला आडवे ठेवण्याचे दुष्परिणाम मांडले होते. आडव्या स्थितीत हृदयाकडे अधिक रक्त परतते आणि फुप्फुसांवरील भार वाढतो, असा त्यांचा युक्तिवाद होता. १९४७ मध्ये ब्रिटनमधील रिचर्ड अॅशर यांनीही खाटेवर पडून राहण्याच्या धोक्यांवर लेख लिहून वैद्यकीय जगाचे लक्ष वेधले. १९५२ मध्ये लेव्हाइन व त्यांचे सहकारी बर्नार्ड लाउन यांनी ८१ रुग्णांवरील 'आरामखुर्ची उपचार' प्रसिद्ध केला. हृदयविकाराचा झटका आलेल्या रुग्णांना लवकर खुर्चीत बसवण्याच्या या कल्पनेला रुग्णालयातच तीव्र विरोध झाला.

या संक्रमणाचे प्रतीक म्हणून पॉल डडली व्हाइट यांच्याकडे पाहता येते. १९३९ च्या अभ्यासात सहभागी असलेले व्हाइट पुढे चालणे व सायकल चालवणे यांचे प्रमुख पुरस्कर्ते झाले. सप्टेंबर १९५५ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष आयझेनहॉवर यांना झटका आला तेव्हा व्हाइट हे त्यांचे सल्लागार होते. अध्यक्ष सुमारे सात आठवडे रुग्णालयात राहिले, परंतु नंतर कामावर परतले आणि १९५६ मध्ये पुन्हा निवडून आले. हृदयविकार म्हणजे कायमचे अपंगत्व नव्हे, हा संदेश त्यामुळे सर्वदूर पोहोचला.

६) नोंद नसलेली उपासमार :

विश्रांतीचा प्रश्न असा ऐरणीवर आला, आहाराचा मात्र मागे राहिला. वस्तुतः फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी १८५९ च्या आपल्या शुश्रूषाविषयक पुस्तकात, भरपूर अन्न उपलब्ध असूनही केवळ लक्ष न दिल्यामुळे हजारो रुग्ण उपाशी राहतात, याकडे लक्ष वेधले होते. शतकाहून अधिक काळ लोटल्यावर, १९७४ मध्ये, अमेरिकेतील चार्ल्स बटरवर्थ यांना जवळपास तेच पुन्हा सांगावे लागले. रुग्णाची उंची व वजन न नोंदवणे, तपासण्यांसाठी वारंवार उपाशी ठेवणे आणि त्याने किती खाल्ले हे कोणीही न पाहणे, अशा प्रथांवर त्यांनी बोट ठेवले.

१९९४ मध्ये स्कॉटलंडमधील डंडी येथे मॅकव्हर्टर व पेनिंग्टन यांनी रुग्णालयात दाखल झालेल्या ५०० रुग्णांची पाहणी केली. त्यांपैकी २०० रुग्ण दाखल होतानाच कुपोषित होते. या २०० पैकी निम्म्याहून कमी जणांच्या कागदपत्रांत पोषणाविषयी काही नोंद होती. ज्याची नोंद नाही त्यावर उपचारही नाहीत, ही रुग्णालयीन व्यवस्थेची मर्यादा या पाहणीतून उघड झाली.

७) स्नायुक्षयाची स्वतंत्र ओळख :

१९६४ मध्ये पिटमन व कोहेन यांनी हृदयजन्य कॅकेक्सियाच्या कारणांची आधुनिक चर्चा सुरू केली. १९९० मध्ये हार्ट फेल्युअरच्या तीव्र अवस्थेतील रुग्णांच्या रक्तात दाहाशी संबंधित टीएनएफ या घटकाचे प्रमाण वाढलेले आढळले. खंगणे हा केवळ अरुचीचा परिणाम नसून शरीरातील दाहप्रक्रियाही स्नायूंची झीज घडवते, हे यावरून सूचित झाले. १९९७ मध्ये आंकर व सहकाऱ्यांनी १७१ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांपैकी खंगलेल्या २८ रुग्णांपैकी निम्मे १८ महिन्यांत दगावले होते. हृदय किती कमकुवत आहे यापलीकडे, शरीर किती झिजले आहे हाही जीवनमरणाचा निकष ठरला.

झीज मान्य झाल्यावर ती रोखता येते का, हा प्रश्न उरला होता. स्पेनमध्ये रुग्णालयात दाखल झालेल्या हार्ट फेल्युअरच्या १२० कुपोषित रुग्णांवरील अभ्यास २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. वर्षभरात मृत्यू किंवा त्याच आजारासाठी पुन्हा दाखल होण्याचे प्रमाण पोषणसाहाय्य मिळालेल्या गटात २७.१ टक्के, तर नेहमीचे उपचार मिळालेल्या गटात ६०.७ टक्के होते. स्वित्झर्लंडमधील एका मोठ्या चाचणीतील हार्ट फेल्युअरच्या ६४५ रुग्णांचे विश्लेषण २०२१ मध्ये आले. व्यक्तिगत पोषणयोजना मिळालेल्यांमध्ये ३० दिवसांतील मृत्यूचे प्रमाण ८.४ टक्के, तर नेहमीचे जेवण मिळालेल्यांमध्ये १४.८ टक्के होते. त्याच वर्षी अमेरिकेतील ३४९ वृद्ध रुग्णांच्या चाचणीत, रुग्णालयातच सुरू केलेल्या ताकद, तोल व चालण्याच्या व्यायामाने शारीरिक क्षमता सुधारल्याचे दिसले.

८) भारतीय संदर्भ :

भारतासाठी हा प्रश्न अधिक गंभीर आहे. तिरुवनंतपुरम येथील हार्ट फेल्युअर नोंदवहीतील १,२०५ रुग्णांचे सरासरी वय ६१ वर्षांच्या आसपास होते. पाश्चात्त्य रुग्णांच्या तुलनेत ते सुमारे दहा वर्षांनी कमी आहे. म्हणजे येथील रुग्ण अनेकदा कुटुंबाचा कमावता आधार असतो. त्याच्या हातापायांतील बळ हा घराच्या उपजीविकेचा प्रश्न असतो.

दुसरी बाब शरीररचनेची आहे. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये 'द लॅन्सेट'मध्ये स्वतःचेच उदाहरण मांडले. दोघांचाही बॉडी मास इंडेक्स २२.३ होता, परंतु युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, तर याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के होती. समान वजनाच्या भारतीय शरीरात स्नायूंची पुंजी तुलनेने कमी असू शकते. मुळातच तुटपुंजी असलेली ही पुंजी आजारपणात लवकर संपते, आणि केवळ वजन पाहून ते लक्षात येत नाही.

तिसरी बाब पथ्याची आहे. महाराष्ट्रात आजारी माणसाला भाताची पेज, वरणाचे पाणी, साबुदाण्याची खीर देण्याची आणि 'पडून राहा' असे बजावण्याची रीत आहे. त्यामागील माया निर्विवाद आहे. मात्र पेज व साबुदाणा हे मुख्यतः पिष्टमय पदार्थ आहेत आणि वरणाच्या वरच्या पाण्यात डाळीची प्रथिने अल्पच उतरतात. घट्ट वरण, दूध, दही, अंडी किंवा मासे यांना त्या ताटात जागा मिळणे आवश्यक आहे. मूत्रपिंडाचा विकार असल्यास प्रथिनांचे प्रमाण वैद्यकीय सल्ल्यानेच ठरवावे लागते.

निष्कर्ष :

१) हृदयरुग्णाचा स्नायुक्षय प्राचीन काळापासून ज्ञात होता, परंतु सुजेमुळे तो वजनकाट्यावर लपत राहिला.

२) अल्पाहार व शय्याविश्रांती हे उपाय तत्कालीन ज्ञानाशी सुसंगत होते. मात्र त्यांच्या यशाचे मोजमाप केवळ हृदयापुरते झाल्याने शरीराची झालेली हानी गणनेत आली नाही.

३) विश्रांतीविषयीची धारणा १९५० च्या दशकापासून बदलू लागली, तर पोषणविषयक भक्कम पुरावा त्यानंतर सहा दशकांनी उभा राहिला. आहार हा उपचाराचा भाग नसून सोयीचा भाग आहे, ही समजूत या विलंबामागे दिसते.

४) दाखल होताना रुग्णाच्या दंडाचा घेर व मुठीची ताकद मोजणे, गेल्या सहा महिन्यांत किती वजन घटले हे विचारणे आणि रोज ताटात किती अन्न उरले ते केसपेपरवर लिहिणे, या गोष्टींना फारसा खर्च येत नाही.

हिपोक्रेटसच्या परंपरेतील वैद्यांनी सुजलेल्या पायांबरोबर रुग्णाचे वितळलेले खांदेही पाहिले होते. आजच्या रुग्णालयाकडे त्यांच्याहून अनंत पटींनी अधिक साधने आहेत. त्या साधनांच्या जोडीला ती जुनी, संपूर्ण शरीराकडे पाहणारी दृष्टी परत आली, तर 'माणूस वाचला' या वाक्यापुढचा 'पण' गळून पडण्याची शक्यता निर्माण होईल.