ओतूरचे लग्न आणि आपली वही



आपल्या भागाच्या इतिहासावर चार शब्द लिहावेत, अशी मंडळाच्या चिटणीसांनी यंदा आज्ञा केली. शिवनेरी, नाणेघाट व लेण्याद्री यांवर अधिकारी मंडळींनी पुष्कळ लिहिले आहे. म्हणून मी एक निराळाच विषय घेतला आहे. समाज मोठा की माणूस, हा तो विषय होय. या वादाच्या खुणा आपल्या जुन्नर-आंबेगावच्या मातीत जागोजाग आहेत.

आळे येथील रेड्याची समाधी आपण सर्वांनी पाहिली आहे. विठ्ठलपंत संन्यास सोडून गृहस्थाश्रमात परतले, म्हणून त्यांचे कुटुंब वाळीत पडले, ही कथा घरोघरी ठाऊक आहे. आईबाप गेल्यावर त्या चार लेकरांनी काय केले? ती रागावून रानात निघून गेली नाहीत. शुद्धिपत्र मागावयास ती पैठणला चालत गेली. तेथे ज्ञानदेवांनी रेड्याच्या मुखाने वेद वदविले आणि परतताना आळे येथे त्या रेड्याने देह ठेवला, असे परंपरा सांगते. चमत्काराविषयी ज्याने त्याने आपली श्रद्धा ठेवावी. मला त्या कथेत दिसते ती लेकरांची ओढ. ज्ञानदेवांएवढ्या बुद्धीच्या पुरुषाच्या घरालाही, ज्यांनी दूर लोटले त्यांच्याच दारी जावेसे वाटले. समाजावाचून माणसाला करमत नाही, हेच खरे.

यानंतर सुमारे सहाशे वर्षांनी आपल्याच तालुक्यात याची दुसरी बाजू दिसली. महात्मा जोतीराव फुले यांनी २४ सप्टेंबर १८७३ रोजी पुण्यास सत्यशोधक समाज स्थापन केला आणि त्याच वर्षी २५ डिसेंबरला सीताराम जबाजी आल्हाट व राधाबाई यांचा विवाह पुरोहितावाचून लागला. हे वारे मांडवीकाठच्या ओतुरात पोहोचले. १८८४ च्या सुमारास तेथील बाळाजी कुसाजी पाटील डुंबरे यांनी घरचे लग्नकार्य ग्रामजोश्यास न बोलाविता केले, आणि जोशीमंडळींनी कोर्टात फिर्याद दिली.

आजच्या मुलांना याचे नवल वाटेल. ज्यास बोलाविलेच नाही, त्याने पैसे कसे मागावे? परंतु जोशीपण हे त्या काळी वतन होते. पाटलाची पाटिलकी व कुलकर्ण्याचे कुलकर्णपण, तसाच जोश्याचा हक्क. यजमानाने कार्य दुसऱ्याकडून करवून घेतले, तरी दक्षिणा आपली, असे वतनदार म्हणत असे. खटला उच्च न्यायालयापर्यंत गेला व अखेर पाटलांच्या बाजूने निकाल झाला. पुढे १९२६ साली सीताराम केशव बोले यांच्या खटपटीने मुंबई कायदेमंडळात कायदा होऊन ग्रामजोश्यांचा हा दावा कायमचा मिटला.

बाळाजी पाटलांचे धैर्य मोठे, यात शंका नाही. तथापि एक गोष्ट ध्यानात घ्यावी. मनुष्य एकट्याने पुष्कळ काही करू शकतो. मनातली श्रद्धा तो रातोरात बदलू शकतो. पण लग्न एकट्याला लावता येत नाही. त्यास मुलगी देणारे घर लागते, अक्षता टाकणारे हात लागतात, पंगतीला बसणारी माणसे लागतात. म्हणूनच जोतीरावांनी १८८७ साली मंगलाष्टकांसह सर्व पूजाविधींचे पुस्तक छापून लोकांच्या हाती दिले. जुनी रूढी सोडणाऱ्यांना त्यांनी उघड्यावर सोडले नाही. त्यांना नवे सोयरे व नवा विधी दिला. स्वतंत्र बुद्धीच्या माणसाला समाज नको असतो, हा समज खोटा आहे. त्याला समाज हवाच असतो. फक्त त्यात श्वास घेण्यास जागा हवी असते.

आता स्वतःची गोष्ट सांगतो. इतरांची उदाहरणे देऊन स्वतः नामानिराळे राहणे शिक्षकास शोभत नाही. १९८६ साली आपल्या ज्ञातीतील एका मुलीने ज्ञातीबाहेर नोंदणी विवाह केला. बैठक भरली. त्या घराशी रोटी-बेटी व्यवहार बंद, असा ठराव झाला. माझे अक्षर वळणदार, म्हणून इतिवृत्त लिहिण्यास मला बसविले. मी एक शब्द बोललो नाही. शुद्धलेखनाची चूक होऊ नये, एवढीच काळजी घेतली. दोन वर्षांनी तिचे वडील वारले. खांदा द्यावयास आपल्यापैकी पाचच जण गेले. मी शाळेची सबब सांगून घरी राहिलो. वर्गात ज्ञानदेवांचा धडा शिकविताना ती वही पुष्कळदा माझ्या डोळ्यांपुढे आली आहे.

सामाजिक बहिष्काराविरुद्ध महाराष्ट्राने २०१६ साली कायदा केला व तो ३ जुलै २०१७ पासून अमलात आला. त्यात तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही शिक्षा सांगितल्या आहेत. परंतु कायदा शिक्षा करील. शेजारी येऊन पंगतीला बसणार नाही. ते काम आपले आहे.

आणि मंडळे ते काम करू शकतात. मूळ आंबेगाव डिंभे धरणाच्या पाण्याखाली गेले. तालुक्याला नाव तेवढे उरले. कचेरी घोडेगावी आहे. पाणी ओसरले की जुने अवशेष वर येतात आणि म्हातारी माणसे ते पाहावयास जातात. घर बुडालेल्यास चार आपली माणसे म्हणजे काय, हे विचारावे. असा आधार देणे हेच ज्ञातिमंडळाचे खरे भूषण होय. तो आधार देण्यापूर्वी, ‘तू आमच्यासारखाच वागशील ना?’ असे मात्र विचारू नये.

म्हणून माझी नम्र विनंती आहे. येत्या वार्षिक सभेत तो १९८६ चा ठराव वाचून दाखवावा आणि रीतसर रद्द करावा. त्या भगिनीस सहकुटुंब पहिल्या पंगतीचे आमंत्रण द्यावे. रद्द केल्याचा ठराव लिहिण्यास मला बसवावे. हात आता थोडा कापतो, पण अक्षर अद्याप वाचता येते.