वॉच (इंग्रजी शब्द)

वॉच हा इंग्रजी भाषेतील एक बहुअर्थी शब्द असून तो क्रियापद व नाम अशा दोन्ही प्रकारे वापरला जातो. क्रियापद म्हणून 'हालती वा बदलती गोष्ट काही काळ लक्षपूर्वक पाहत राहणे' हा त्याचा मुख्य अर्थ आहे. नाम म्हणून पहारा, पहाऱ्याची पाळी आणि मनगटी वा खिशातील घड्याळ हे अर्थ रूढ आहेत.

व्युत्पत्ती
हा शब्द 'जागे राहणे' या अर्थाच्या प्राचीन इंग्रजी क्रियापदापासून आला असून 'वेक' (जागे होणे) या शब्दाशी त्याचे निकटचे नाते आहे. जागणे, जागून राखण करणे आणि त्यातून नजर ठेवणे असा त्याचा अर्थविस्तार झाला. पहाऱ्याच्या कालखंडालाही हेच नाव मिळाले. मराठीतही 'प्रहर' हे कालमान व 'पहारा' हे शब्द परस्परसंबंधित आहेत.

जहाजावरील वॉच
ब्रिटिश नौदलाच्या परंपरेत दिवसाचे चार तासांचे पाच आणि दोन तासांचे दोन असे सात वॉच असतात. ही संख्या विषम असल्याने आलटून पालटून काम करणाऱ्या दोन गटांपैकी कोणालाही रोज तीच पाळी येत नाही.

समानार्थी शब्दांशी भेद
'सी' म्हणजे दिसणे, 'लुक' म्हणजे नजर वळवून पाहणे आणि 'वॉच' म्हणजे पाहत राहणे. मराठीतील 'पाहणे' या तिन्ही ठिकाणी चालत असल्याने मराठी भाषकांची येथे गल्लत होते. मूल सांभाळणे या अर्थीही 'वॉच' वापरतात. मराठीतील 'बाळाकडे बघ' हा प्रयोग तसाच आहे.

मराठीतील वापर
'वॉचमन' हा शब्द आणि 'वॉच ठेवणे' हा प्रयोग बोली मराठीत रुळले आहेत.

हवामानाच्या इशाऱ्यांतील अर्थ
भारतीय हवामान विभागाच्या रंगसंकेतांत पिवळा रंग 'वॉच' (लक्ष ठेवा), नारिंगी 'अलर्ट' (सज्ज राहा) आणि लाल 'वॉर्निंग' (कृती करा) दर्शवतो. वृत्तपत्रांत मात्र तिन्ही रंगांना सरसकट 'अलर्ट' म्हटले जाते, त्यामुळे ही चढती श्रेणी पुसट होते. चक्रीवादळाबाबत पहिली सूचना 'प्री-सायक्लोन वॉच' ही किनारपट्टीवर प्रतिकूल हवामान सुरू होण्याच्या किमान ७२ तास आधी दिली जाते. येथे 'वॉच'चा अर्थ संकट आले असा नसून, जागे राहून पुढील सूचनांकडे लक्ष द्यावे असा आहे. म्हणजेच शब्दाचा मूळ अर्थ येथे टिकून आहे.