नोंदीचे वाक्य

आपापल्या घराण्याची वंशावळ सिद्ध करण्याची आवड आपल्या कुटुंबांत आता चांगलीच रुजली आहे. नंदनवन परिसरातील ख्रिस्ती कुटुंबांना या कामी बरीच यातायात पडते, कारण त्यांचे पूर्वज एका गावचे नव्हेत. आजोबांचा बाप्तिस्मा एका प्रांतात, आजीचा दुसऱ्या, तर त्यांचा विवाह तिसऱ्याच धर्मग्रामात झालेला असतो. पत्रे पाठवून दाखले गोळा होतात, ते संगणकात भरले जातात आणि मग एक कळ दाबताच सॉफ्टवेअर सगळ्या घराण्याचा वृत्तान्त वाक्यावाक्यांत लिहून देते.

हा वृत्तान्त वाचताना मात्र मनाला काही खटकते. जी आत्या धर्मभगिनी होऊन आयुष्यभर रुग्णांची सेवा करीत राहिली, तिच्या नावापुढे ‘अविवाहित, अपत्य नाही’ एवढेच उरते. तीन दिवसांच्या आयुष्यात बाप्तिस्मा घेऊन गेलेल्या बाळाचे जन्म-मृत्यू एकाच कोरड्या ओळीत संपतात. माहितीत चूक काहीच नसते, पण हे वाक्य घरातल्या कोणीही लिहिलेले नसते. ते सॉफ्टवेअर घडविणाऱ्याने आधीच ठरवून ठेवलेले असते. माणसाच्या जन्ममरणाचे वाक्य कोणी आणि कसे ठरवावे, हा प्रश्न मात्र संगणकाहून पुष्कळ जुना आहे. ख्रिस्तसभेने तो चारशे वर्षांपूर्वीच हाताळला होता.

ट्रेंटच्या धर्मपरिषदेने १५६३ साली विवाहांची नोंदवही ठेवण्याची आज्ञा धर्मगुरूंना केली आणि बाप्तिस्म्याच्या वेळच्या धर्ममातापित्यांची नावे वहीत लिहिण्यास सांगितले. पुढे १६१४ साली पोप पाचवे पौल यांनी ‘रितुआले रोमानुम’ हा विधिग्रंथ प्रसिद्ध केला. धर्मगुरूने कोणत्या पाच वह्या ठेवाव्यात, हे त्यात सांगितले आहे : बाप्तिस्मा, दृढीकरण, विवाह, मृत्यू आणि धर्मग्रामातील कुटुंबांची स्थिती. विशेष म्हणजे, प्रत्येक वहीत नोंद कोणत्या शब्दांत करावी याचे नमुनेही त्यात छापले होते. नावाच्या जागी केवळ एक अक्षर ठेवून बाकीचे वाक्य तयार दिलेले होते. राजपुत्र असो वा रस्त्यावरचे पोर, वाक्य तेच.

या नमुन्यांसोबत एक सूचना होती, ती आम्हांस सर्वांत महत्त्वाची वाटते. मूल विवाहसंबंधातून जन्मलेले नसेल, तर आईवडिलांपैकी जे निश्चित ठाऊक असेल त्याचे नाव लिहावे, परंतु बदनामीचा प्रसंग कटाक्षाने टाळावा. दोघांचाही पत्ता नसेल, तर ज्याचे मातापिता अज्ञात आहेत असे मूल, एवढेच लिहावे. प्रत्यक्षात सर्वच धर्मगुरूंनी हे पथ्य पाळले असे नव्हे; कठोर शब्दांचे शिक्के अनेक देशांच्या नोंदवह्यांत आढळतात. तरी नियमाचा रोख स्पष्ट होता : सत्य लिहावे, पण शब्दाने जखम करू नये. १९८३ च्या धर्मविधिसंहितेतील ८७७ वे कलमही याच वाटेने जाते. अविवाहित मातेचे नाव तिचे मातृत्व सर्वज्ञात असल्यास किंवा तिने स्वतः मागणी केल्यास लिहावे, आणि पित्याचे नाव पुराव्याशिवाय लिहू नये, असे ते सांगते.

नागपूर धर्मप्रांताची स्थापना १८८७ साली झाली आणि १९५३ मध्ये तो महाधर्मप्रांत झाला. लॅटिन ही ज्या काळी ख्रिस्तसभेच्या व्यवहाराची भाषा होती, त्या काळच्या दाखल्यांत जॉनचा ‘योआन्नेस’ आणि जेम्सचा ‘याकोबुस’ झालेला दिसतो. मुलगा जन्मला तर ‘नातुस’, मुलगी जन्मली तर ‘नाता’. आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. १९०७ च्या ‘ने तेमेरे’ या आदेशाने विवाहाची नोंद बाप्तिस्म्याच्या नोंदीशेजारीही करणे आवश्यक ठरविले. आजच्या नियमानुसार दृढीकरण, दत्तकविधान, गुरुदीक्षा आणि धर्मभगिनींचे अंतिम व्रतग्रहण यांचीही नोंद तेथेच होते. म्हणजे आमच्या वहीत त्या आत्याच्या नावापुढे ‘अपत्य नाही’ असे नसून तिने घेतलेल्या व्रताची तारीख असते.

महाराष्ट्रात वंशलेखनाची परंपरा मोठी आहे. त्र्यंबकेश्वर-नाशिकच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्या प्रसिद्धच आहेत, आणि विसाव्या शतकात अनेक घराण्यांनी आपले कुलवृत्तान्त छापले. त्यांतही जन्म, विवाह, मृत्यू यांसाठी ठरीव अक्षरे असत. मात्र शाखा पुरुषाच्या नावाने चालत असल्याने कन्येची नोंद बहुतेकदा सासरच्या नावापाशी थांबे. बाप्तिस्म्याच्या वहीत मातेचे नाव पित्याच्या बरोबरीने येते, हा भेद वंशावळ लिहिताना उपयोगी पडतो.

आता संगणकाकडे वळू. वंशावळीची माहिती एका सॉफ्टवेअरमधून दुसऱ्यात नेता यावी म्हणून ‘जेडकॉम’ नावाची पद्धत मॉर्मन पंथाने १९८४ मध्ये आणली. तीत जन्म-मृत्यूबरोबर बाप्तिस्मा, प्रथम ख्रिस्तशरीर, दृढीकरण आणि गुरुदीक्षा यांनाही स्वतंत्र खुणा आहेत. या पद्धतीत घटना, तारीख आणि स्थळ साठविले जाते. वाक्य त्यावरून नंतर बनते. ‘रूट्समॅजिक’सारख्या सॉफ्टवेअरमध्ये हे वाक्य वापरणाऱ्याला बदलता येते, आणि तारीख किंवा स्थळ ठाऊक नसेल तर तेवढा भाग आपोआप गळेल अशी सोयही असते. २०१४ साली बंद पडलेल्या ‘द मास्टर जीनिऑलॉजिस्ट’मध्ये तर साक्षीदारांसाठीही वेगळे वाक्य रचता येत असे. त्यामुळे धर्मपित्याच्या स्वतःच्या वृत्तान्तातही त्या बाप्तिस्म्याचा उल्लेख होई.

मराठीत हे काम थोडे अवघड आहे. इंग्रजी वाक्यात सर्वनाम बदलले की भागते. आपल्याकडे ‘जन्मला’, ‘जन्मली’, ‘जन्मले’ असे क्रियापदच बदलते आणि त्यात आदरही सांभाळावा लागतो. यावर ‘यांचा जन्म झाला’, ‘यांचा बाप्तिस्मा झाला’ ही रचना सोयीची, कारण तेथे क्रियापद जन्माशी जुळते, व्यक्तीशी नव्हे. कामठीत, पुण्यात, नागपुरात अशी गावांची रूपे बदलत बसण्याऐवजी ‘येथे’ लिहावे. पूर्ण तारीख असेल तर ‘रोजी’, नुसते वर्ष असेल तर ‘साली’. बाळाला ‘यांचा’ शोभत नाही. त्याच्यासाठी वेगळे वाक्य करावे. मृत्यूसाठी ‘ख्रिस्तवासी झाले’ हा आपला शब्द आहेच. धर्मभगिनीसाठी ‘अमुक साली अंतिम व्रते घेतली’ हे वाक्य जोडावे आणि अपत्यांचे वाक्य काढून टाकावे.

येथे एक इशारा द्यावासा वाटतो. वाक्य बदलावे, नोंद बदलू नये. विवाहाची तारीख मागे सरकविणे किंवा नकोशा व्यक्तीचे नाव गाळणे म्हणजे आदर नव्हे, ते असत्य होय. संत मत्तयच्या शुभवर्तमानातील वंशावळ या बाबतीत उत्तम गुरू आहे. पित्यापासून पुत्र, हा एकच साचा तेथे पिढ्यान्‌पिढ्या चालतो. तरीही तामार, राहाब, रूथ आणि उरियाची पत्नी या चौघींची नावे किंवा ओळख, लोकापवादाची तमा न बाळगता, त्यात आली आहे. आणि योसेफापाशी पोहोचताच साचा मोडतो. येशूचा जन्म मरियेच्या पोटी झाला असे सांगितले जाते. तेथील सत्य जुन्या वाक्यात मावणारे नव्हते, म्हणून लेखकाने वाक्य बदलले.

आपल्या घरातील वृत्तान्त उद्या नातवंडे वाचतील. ज्यांना त्यांनी कधी पाहिले नाही, त्या माणसांची ओळख त्यांना याच चार-दोन वाक्यांतून होणार आहे. ती वाक्ये परक्या हाती न सोपविता घरातील जाणत्यांनी एकत्र बसून ठरवावीत, असे आम्ही आग्रहाने सुचवितो.