पायाच्या बोटाचा अस्थिभंग

पायाच्या बोटांतील पेरांची हाडे मोडणे किंवा त्यांना चीर जाणे. प्रत्येक पावलात अशी 14 हाडे असतात : अंगठ्यात दोन आणि उरलेल्या चार बोटांत प्रत्येकी तीन. (पुष्कळांच्या करंगळीत दोनच दिसतात, कारण टोकाकडची दोन जुळलेली असतात.) यातील बहुतेक मोडी शस्त्रक्रियेविना बऱ्या होतात. ज्या तशा होणार नाहीत, त्या वेळीच ओळखणे हे डॉक्टरांचे खरे काम.

कारणे मुख्यतः दोन. अनवाणी चालताना उंबरठ्याला किंवा पलंगाच्या पायाला जोरात ठेच लागते, तेव्हा बहुधा करंगळी बाहेरच्या बाजूला वळते आणि तिचे मुळाकडचे पेर मोडते. वरवंटा, गॅसचे सिलिंडर अशी जड वस्तू पायावर पडली, तर टोकाचे पेर चेचले जाते. नखही त्यातून सुटत नाही. धावपटू आणि नर्तक यांच्यात वारंवारच्या ताणाने बारीक चीर जाऊ शकते, पण ते क्वचित.

बोट दुखते, सुजते आणि काही तासांत काळेनिळे पडते. ‘बोट हलवता येते, म्हणजे मोडलेले नाही’ हा समज सर्वत्र आढळतो आणि तो चुकीचा आहे. हाडाला चीर गेली तरी स्नायुबंध शाबूत असतात, त्यामुळे बोट हलते. तपासताना डॉक्टर हाडावर नेमकी एका जागी वेदना आहे का ते बघतात आणि बोटाचे टोक हलकेच पावलाकडे दाबतात. त्या दाबाने मोडीच्या जागी कळ आली, तर अस्थिभंगाची शंका बळावते. एक्स-रे समोरून, तिरका आणि बाजूने असा काढतात. करंगळीसारखे लहान बोट सरळ असेल, जखम नसेल, तर एक्स-रेने उपचार सहसा बदलत नाहीत, म्हणून तो काढलाच पाहिजे असे नाही. अंगठा, वाकडे झालेले बोट, उघडी जखम किंवा लहान मूल असेल तर मात्र तो टाळू नये. अंगठ्याच्या मुळाखाली वाटाण्याएवढी दोन हाडे असतात. त्यांतील एखादे जन्मतःच दुभंगलेले असू शकते आणि ते मोडले असे वाटते. मात्र त्याच्या कडा गोलसर, गुळगुळीत असतात.

करंगळीमागचे पावलाचे लांब हाडही चाचपावे लागते. लिव्हरपूलचे शल्यचिकित्सक रॉबर्ट जोन्स यांचे हे हाड नाचताना मोडले आणि 1902 साली त्यांनीच या प्रकारच्या मोडीचे वर्णन प्रसिद्ध केले. तिथला रक्तपुरवठा तोकडा असल्याने ती सावकाश सांधते. तिला बोटाची साधी मोड समजून सोडून देणे महागात पडते.

प्रथमोपचारात सर्वांत आधी जोडवी काढावीत. सूज चढल्यावर ती रुततात आणि बोटाचे रक्त अडते. साबण-पाणी किंवा तेल लावूनही निघत नसतील, तर दवाखान्यात कापून घ्यावीत, मंगल-अमंगलाचा विचार तेव्हा करू नये. पाय उंचावर ठेवावा, कापडात गुंडाळलेला बर्फ 15 ते 20 मिनिटे लावावा. चोळणे, मालीश करणे, ओढून ‘बसवणे’ हे प्रकार करू नयेत. जागेवर असलेली मोडही त्याने सरकते.

साध्या मोडीत दुखरे बोट शेजारच्या निरोगी बोटाला चिकटपट्टीने बांधतात. मध्ये कापूस किंवा गॉज ठेवतात, नाहीतर घामाने कातडी कुजते. कडक तळव्याचे, पुढून रुंद पादत्राण वापरावे. मऊ रबरी चपलेत बोट प्रत्येक पावलाला वाकते. हाड सांधायला साधारण 4 ते 6 आठवडे लागतात, सूज त्यानंतरही काही काळ रेंगाळू शकते. बोट वाकडे झाले असेल, तर डॉक्टर ते बधिर करून सरळ करतात आणि मग बांधतात.

अंगठ्याची गोष्ट वेगळी. चालताना शरीर पुढे रेटले जाते ते त्याच्या जोरावर, म्हणून तिथे थोडा वाकडेपणाही चालत नाही. मोड सरकलेली किंवा सांध्यात शिरलेली असेल, तर अस्थिरोगतज्ज्ञांकडे जावे; प्लास्टर, बारीक तार किंवा स्क्रू लागू शकतो. नखाखाली रक्त साठून ठणका लागल्यास डॉक्टर नखाला भोक पाडून ते काढतात. नखाचे मूळ फाटलेली मोड ही उघडी मोड असते : ती धुऊन घेणे, धनुर्वाताची लस तपासणे आणि गरजेप्रमाणे प्रतिजैविके देणे आवश्यक. लहान मुलांत याच जागी वाढीची पट्टी असते. ठेचेनंतर मुलाच्या नखाच्या मुळाशी रक्त दिसले, तर एक्स-रे काढावा. दुर्लक्ष झाल्यास हाडात जंतुसंसर्ग होतो.

मधुमेहींच्या पायाची संवेदना कमी झालेली असू शकते. मोडलेले बोट त्यांना दुखेलच असे नाही आणि घट्ट पट्टीने पडलेला व्रणही कळत नाही. त्यांनी घरी पट्टी बांधू नये. बोट सुजलेले, लाल किंवा गरम दिसले, तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे.