ट्यूबमागची माणसे

मालाडला आमच्या आरशापुढे एक लहानशी ट्यूब असते. लेकीच्या मुरुमांसाठी डॉक्टरांनी लिहून दिलेली. परवा ती हसत म्हणाली, "अब्बा, सुरकुत्यांवरही हेच लावतात!" मी नाव वाचले : ट्रेटिनॉइन, म्हणजे 'अ' जीवनसत्त्वाचे आम्ल.

लहानपणी हे जीवनसत्त्व आम्ही नाक दाबून, माशाच्या तेलातून पोटात घेतले. दुसऱ्या महायुद्धात विलायती कॉड तेल दुर्मीळ झाले, तेव्हा मुंबई सरकारने मुशीच्या यकृताचे तेल काढायला घेतले होते. चेहऱ्यावर लावायचे आम्ल मात्र अमेरिकेतून आले. फिलाडेल्फियाचे डॉ. आल्बर्ट क्लिगमन यांनी १९६९ मध्ये मुरुमांवरचा त्याचा गुण मांडला. १९७१ मध्ये तिथे औषधाला मान्यता मिळाली. त्याने त्वचेची छिद्रे तुंबत नाहीत. पुढे १९८६ मध्ये, उन्हाने पडलेल्या सुरकुत्याही त्याने कमी होतात, असे त्यांनीच दाखवले.

पण याच क्लिगमननी १९५१ ते १९७४ या काळात होम्सबर्ग तुरुंगातल्या कैद्यांच्या कातडीवर असंख्य प्रयोग केले. या औषधाची वाटही तिथूनच गेली. कैदी गरीब, पुष्कळसे कृष्णवर्णीय; चार डॉलरसाठी पाठ पुढे करणारे. तुरुंगात शिरताच आपल्याला एकरच्या एकर कातडी दिसली, असे डॉक्टर म्हणाले होते. माणसे दिसली नाहीत. फिलाडेल्फिया शहराने २०२२ मध्ये माफी मागितली. तोवर कितीतरी कैदी मातीआड गेले होते.

लेकीला म्हटले, "वाटाण्याएवढेच लाव, रात्री. दिवसा उन्हाला जप. गरोदरपणी नको. आणि बेटा, ही माणसेही लक्षात ठेव."

माझ्या सुरकुत्या मी तशाच ठेवल्या आहेत.